दाटीच्या शहरात मोठं घर आणि वाढलेला पगार: सुख नेमकं कशाने वाढतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला नको. तुम्ही, पत्नी, आई आणि दोन मुलं असे पाच जण एका खोलीत राहता. काम पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पगार नुकताच बऱ्यापैकी वाढलाय. त्या जोरावर शहराच्या टोकाला दोन बेडरूमचं घर कर्ज काढून घेता येईल, पण हप्त्यात पगाराचा जवळपास निम्मा भाग जाईल आणि जाण्यायेण्यात रोजचे तीन तास. पत्नी म्हणतात घेऊन टाकू, आई म्हणतात इथून हलायचं नाही. तुम्ही विचारताय की माणूस सुखी होतो तो घराने की पैशाने? कारण ‘एका मर्यादेपलीकडे पैशाने सुख वाढत नाही’ असं तुम्ही वाचलंय आणि ‘छोट्या घरातली माणसंच जास्त सुखी असतात’ असंही कुणीतरी ऐकवलंय.

मी बरीच वर्षं शहरी घरांच्या पाहण्या करते आहे. कुटुंब जुन्या जागेतून नव्या जागेत जाण्याआधी त्यांच्याशी बोलायचं आणि तिथे रुळल्यावर पुन्हा जाऊन बोलायचं, हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, दाटीच्या शहरात घर आणि पैसा असे दोन वेगळे हिशेब मांडताच येत नाहीत. पगाराचा सगळ्यात मोठा घास घरच घेतं, आणि घर कुठे आहे त्यावर तुमचा दिवस किती उरतो ते ठरतं. म्हणून मी तुमचा प्रश्न असा वाचते: आज घरातल्या प्रत्येकाचा स्वतःच्या दिवसावर किती ताबा आहे, आणि हा व्यवहार झाल्यावर तो कुणाचा वाढेल, कुणाचा घटेल? माझं सगळं उत्तर या ‘ताबा’ शब्दाभोवती फिरणार आहे.

आधी पैशाचं बघू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. सुख मोजणारे लोक दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक, शिडीचा प्रश्न. हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या आहेत, दहावी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? दुसरी गोष्ट म्हणजे कालचा दिवस कसा गेला: हसलात का, चिडलात का, काळजी होती का, झोप झाली का. एकाच माणसाची दोन्ही उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि येतातच. नवं घर घेतलेला माणूस शिडीवर सात सांगतो आणि कालच्या दिवसाबद्दल विचारलं की गप्प होतो.

डॅनियल काहनेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून जास्त उत्तरांवरून दाखवलं की शिडीवरचं उत्तर उत्पन्नाबरोबर चढत राहतं, पण रोजच्या मनःस्थितीची चढण वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या आसपास थांबते. ‘मर्यादेपलीकडे सुख नाही’ हे वाक्य तिथून निघून जगभर फिरलं. पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर ‘आत्ता कसं वाटतंय’ विचारून माहिती गोळा केली, तर त्यांना असा थांबा दिसलाच नाही. मग २०२३ मध्ये काहनेमान आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी बार्बरा मेलर्स यांना सोबत घेऊन एकत्र काम केलं आणि निघालं ते असं: बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं, जे मुळात सगळ्यात दुःखी आहेत, त्या साधारण पंधरा-वीस टक्के लोकांचं मात्र एका टप्प्यानंतर वाढायचं थांबतं. म्हणजे ज्याचं दुःख पैशाने सुटणारं नाही, त्याला जास्त पैसा देऊनही फरक पडत नाही. यात नवल काहीच नाही.

तुमच्या कामाची गोष्ट या अभ्यासांत दुसरीच आहे. सुख उत्पन्नाच्या रकमेबरोबर सरळ वाढत नाही, ते पटीने चालतं. दहाचे वीस झाले की जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच फरक पुन्हा पडायला विसाचे चाळीस व्हावे लागतात. हेच उलटंही खरं आहे. तुमच्या हातात येणारी रक्कम हप्त्यामुळे निम्म्यावर आली, तर पगारवाढीने चढलेल्या पायऱ्या उतरायला वेळ लागणार नाही. शिडीवर नाही उतरणार कदाचित, कारण ‘स्वतःचं घर’ ही तिथली मोठी पायरी आहे. पण कालच्या दिवसाच्या उत्तरात ते दिसेल.

आता घर. इथे गर्दी आणि दाटी या दोन गोष्टी लोक एकच समजतात. गर्दी म्हणजे शहरात, रस्त्यावर, एका एकरात किती माणसं. दाटी म्हणजे एका खोलीत किती. गर्दीने माणूस आपोआप दुःखी होतो असं मला कधी दिसलं नाही. उलट गर्दीमुळेच काम, दवाखाना, शाळा पायाखाली असतात. १९६२ मध्ये जॉन कॅल्हून यांचे कोंडलेल्या उंदरांवरचे प्रयोग गाजले. दाटी वाढली तशी ती उंदरं विचित्र वागायला लागली, पिलांची हेळसांड करायला लागली, आणि मग गजबजलेल्या शहरांचंही हेच होणार अशी भाकितं सुरू झाली. माणसांवर तपासून बघितलं तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. हाँगकाँगमधल्या कुटुंबांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉबर्ट मिचेल यांचा अभ्यास बघा. नुसत्या दाटीने खोल मानसिक ताण फारसा वाढलेला त्यांना आढळला नाही. ताण वाढला तो दोन ठिकाणी: परक्या कुटुंबाबरोबर एकच जागा वाटून घ्यावी लागली तिथे, आणि वरच्या मजल्यांवर, जिथून चटकन बाहेर पडता येत नाही. म्हणजे नकोशा माणसापासून लांब जायची सोय जिथे नाही, तिथे. त्याच हाँगकाँगमध्ये २०२१ च्या जनगणनेत माणशी जागेचा मध्यक, म्हणजे बरोबर मधोमध येणारा आकडा, १६ चौरस मीटर होता आणि भिंती घालून तुकडे पाडलेल्या घरांत फक्त ६. एका शहरातल्या माणसांत एवढी तफावत असते, त्यामुळे ‘दाटीच्या शहरातला माणूस’ असा कुणी एक माणूस नसतोच.

किती माणसं म्हणजे जास्त, यावरही एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांची वस्त्यांवर काम करणारी संस्था एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं असली की दाटी धरते. युरोपची मोजपट्टी कितीतरी कडक आहे: जोडप्याला एक खोली, अठरा वर्षांवरच्या प्रत्येक एकट्या माणसाला एक, शिवाय घराची म्हणून एक सामायिक खोली. तुमचं घर दोन्ही मोजपट्ट्यांवर दाटीचंच. म्हणून ‘छोट्या घरात माणसं सुखी असतात’ या वाक्याला मी फार किंमत देत नाही. ते बहुतेक वेळा मोठ्या घरात राहणारे लोक बोलतात.

या वाक्यामागे एक समज असतो की दाटीत माणसं एकमेकांना धरून राहतात. गॅरी इव्हान्स, एम. एन. पळसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात केलेला अभ्यास १९८९ मध्ये आला, त्यात बरोबर उलटं दिसलं. घरात माणशी जागा कमी तशी घरच्यांकडून मिळणारी साथ कमी, आणि साथ कमी तसा मनाचा त्रास जास्त. मी जे घरोघरी बघते ते याच्याशी जुळतं. माणसं भांडतात असं नाही. माणसं बोलायचं टाळायला लागतात. खोलीत पाच जण असतात आणि प्रत्येक जण मोबाइलमध्ये तोंड घालून, भिंतीकडे वळून बसलेला असतो. दार नसलं की माणूस पाठ हेच दार करतो.

हा ताब्याचा मुद्दा प्रयोगांतून फार स्वच्छ दिसलाय. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं: असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज दोन्ही गटांना तेवढाच. तरी नंतर दिलेल्या कामात बटणवाले कितीतरी चिकाटीने टिकले आणि चुकाही कमी केल्या. अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी वसतिगृहांत हेच वेगळ्या रीतीने बघितलं. काही विद्यार्थी लांबलचक मार्गिकेवर, एकाच संडास-बाथरूमवर तीसहून जास्त जण, असे राहत होते; काही जण चार-सहांच्या छोट्या गटात. माणशी जागा जवळपास सारखीच. लांब मार्गिकेवरची मुलं हळूहळू लोकांना टाळायला लागली, बाहेरच्या अनोळखी माणसाशेजारीसुद्धा दूर सरकून बसायला लागली. कुणाशी कधी गाठ पडावी हे त्यांच्या हातात नव्हतं.

म्हणून मी घरी गेले की चौरस फूट नंतर विचारते. पहिला प्रश्न विचारते, रात्री दिवा बंद करायची वेळ कोण ठरवतं? या प्रश्नावर सगळे आधी हसतात आणि मग एकेक गोष्ट बाहेर येते. दहावीच्या मुलीला बारापर्यंत वाचायचं असतं, वडिलांना पहाटे चारला उठायचं असतं, म्हणून ते डोळ्यांवर गमछा बांधून झोपतात. मुलीला त्याची लाज वाटते, म्हणून ती साडेदहालाच ‘झालं माझं’ म्हणून पुस्तक मिटते. मोजपट्टीवर या घरात काहीच घडलेलं नसतं. दुसरा प्रश्न मी बायकांना एकटं गाठून विचारते: रडायला आलं तर कुठे जाता? ‘न्हाणीत, नळ सोडून’ हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ते लिहायला मला वेगळा रकाना लागत नाही. जिथे न्हाणीही सामायिक असते, तिथे हे उत्तरही येत नाही.

तुमच्या घरात हे दोन प्रश्न विचारून बघा. उत्तरं ऐकल्यावर कदाचित तुमच्या पत्नी ‘घेऊन टाकू’ का म्हणतात ते कळेल. त्यांना दुसरी बेडरूम हवी आहे की एक कडी लावता येणारं दार, हे वेगळं करून विचारा. दोन्हींची किंमत फार वेगळी असते.

आता सवयीचं. माणूस बऱ्याच गोष्टींना सरावतो, आणि घराच्या बाबतीत तो चांगल्या गोष्टींना चटकन सरावतो आणि काही वाईट गोष्टींना कधीच सरावत नाही. जर्मनीत वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांना प्रश्न विचारणारी एक मोठी पाहणी आहे. चांगल्या घरासाठी घर बदललेल्या लोकांचं घराबद्दलचं समाधान वाढलं आणि वाढलेलंच राहिलं, पण एकूण आयुष्याबद्दलचं समाधान तिथल्या तिथेच राहिलं. एल साल्वाडोर, मेक्सिको आणि उरुग्वेत एका संस्थेने अगदी गरीब कुटुंबांना अठरा चौरस मीटरची साधी घरं बांधून दिली. कुणाला आधी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. समाधान खूप वाढलं, पण सरासरी आठ महिन्यांनंतर त्या वाढीतला साठ टक्के भाग विरून गेला होता. चाळीस टक्के उरला, हेही विसरू नका.

याउलट मेक्सिकोतला फरशीचा कार्यक्रम. २००० पासून कोआविला राज्यात मातीच्या जमिनीच्या घरांत सरकारने सिमेंटची जमीन करून दिली. घर तेवढंच, छप्पर तेच, उत्पन्नही तेच. शेजारच्या, कार्यक्रम न पोहोचलेल्या शहरांशी ताडून बघितलं तेव्हा मुलांमधले जंत, हगवण आणि रक्तक्षय कमी झालेला दिसला, आणि त्यांच्या आयांमध्ये नैराश्य आणि ताण दोन्ही कमी. सबंध घराची जमीन सिमेंटची झाली तर आयांचं आयुष्याबद्दलचं समाधान ६९ टक्क्यांनी जास्त, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण तो आमच्या कामातली जुनी गोष्ट सांगतो: घर मोठं होण्यापेक्षा घरातला रोजचा एक त्रास मुळापासून जाणं जास्त मोलाचं.

न सरावणाऱ्या त्रासांची माझी यादी लहान आहे: आवाज, ओल, अपुरी झोप, घर कधी सोडावं लागेल याची धाकधूक. आवाजाचं एक उदाहरण देते. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूला रेल्वेचा उंच पूल होता. १९७५ मध्ये अर्लीन ब्रोन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी पुलाच्या बाजूच्या आणि पलीकडच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. पुलाकडची मुलं स्पष्ट मागे होती. ‘सवय होते हो आवाजाची’ असं आईवडील मला सांगतात, तेव्हा मला ही शाळा आठवते. कानांना सवय होत असेलही. ओलीचं जास्त काय सांगू. ज्या घरात भिंतीला बुरशी आहे तिथे बाकी कुठल्याच सुखाच्या प्रश्नाला अर्थ नाही, आधी ती भिंत. आणि धाकधूक म्हणाल, तर घराच्या हक्काची शाश्वती नसणं हा संयुक्त राष्ट्रांच्या झोपडपट्टीच्या व्याख्येतसुद्धा पाणी, संडास, पक्कं बांधकाम आणि पुरेशी जागा यांच्या पंक्तीला बसलेला निकष आहे. भाड्याच्या घरात मालक दर अकरा महिन्यांनी काय म्हणेल या विचारात राहणारा माणूस भिंतीला खिळा ठोकतानाही विचार करतो.

प्रवास या यादीत घालायचा की नाही, यावर जाणकारांतच वाद आहे. टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब दिला होता, त्यात सकाळचा कामावर जायचा प्रवास सगळ्यात नकोसा निघाला. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांना जर्मनीच्या माहितीत दिसलं की लांबून येणारे लोक कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार हे त्याची भरपाई करत नाहीत. ब्रिटनमधल्या माहितीवर नंतर काम झालं, त्यात एवढा ठळक परिणाम आढळला नाही. माझं मत विचाराल तर बसायला जागा मिळणारा तासभराचा प्रवास आणि लोंबकळत केलेला तासभराचा प्रवास यांना एकाच खात्यात टाकलं की असे घोळ होतात. तुमचे तीन तास यांपैकी कुठले, ते तुम्हीच सांगू शकता. पण तीन तास म्हणजे मुलं जागी असताना तुम्ही घरी असण्याचा बहुतेक सगळा वेळ, हे कागदावर लिहून बघा. दोन बेडरूमच्या घरात तुम्ही झोपायलाच जाणार असाल, तर ते घर तुमच्यासाठी नाही, बाकी चौघांसाठी आहे. तसं असायलाही हरकत नाही, फक्त ते माहीत असू द्या.

आईंच्या ‘हलायचं नाही’ला मी हट्ट म्हणणार नाही. अहमदाबादमध्ये १९८७ मध्ये कष्टकरी स्त्रियांसाठी घरांची सोडत निघाली होती. नवी घरं शहराच्या मध्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर. चौदा वर्षांनी संशोधकांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या दोन्ही कुटुंबांना गाठलं. लागलेल्यांची घरं चांगली होती, पण उत्पन्नात फरक नाही, मुलांच्या प्रगतीत फरक नाही. ३४ टक्के तर तिथे राहायला गेलेच नव्हते आणि आणखी ३२ टक्के जाऊन परत फिरले होते. जे राहिले ते नातेवाइकांपासून तुटले, आणि अडीनडीला हात पसरायला माणूस उरला नाही असं त्यांच्या उत्तरांत होतं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत १९९४ पासून पाच मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना बऱ्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली, तीही सोडतीने. दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या माणसांची कमाई वाढलेली नव्हती, पण ती स्पष्टपणे जास्त सुखी होती. तिथे माणसं भीतीच्या वस्तीतून निघाली होती. अहमदाबादेत ती आधाराच्या वस्तीतून निघाली. घर बदलताना तुम्ही कशातून निघताय, यावर निम्मा निकाल ठरतो. आईंच्या दृष्टीने तुम्ही आधारातून निघताय, पत्नीच्या दृष्टीने कोंडीतून. दोघीही खरं सांगताहेत.

शेजाऱ्यांशी तुलना हाही एक भाग आहे, पण त्यावर थोडक्यात. एर्झो लुटमर यांनी २००५ मध्ये दाखवलं की आपली कमाई तेवढीच असताना आजूबाजूचे जास्त कमावणारे असले तर समाधान घटतं. नव्या संकुलात तुमच्यापेक्षा वरच्या पगाराचे लोक असतील तर मुलांच्या मागण्यांपासून सणवर्गणीपर्यंत सगळीकडे ते जाणवेल. त्यावर उपाय नाही. खर्चाच्या अंदाजात थोडी भर घाला, एवढंच.

हप्त्याचं मात्र सविस्तर बोलू. ‘घरावर उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तो आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यावरून. १९६९ मध्ये तिथे २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती, १९८१ मध्ये ती ३० केली. त्यामागे सुखाचं काही शास्त्र नाही. मी टक्के बघत नाही, उरलेली रक्कम बघते. हप्ता, देखभालखर्च, वाढलेला प्रवासखर्च वजा करा. मग पाच जणांचं खाणंपिणं, औषधं, शाळा वजा करा. त्यानंतर जे उरतं त्यातून एक महिना पगार आला नाही तर काय होईल, ते सांगा. उत्तर ‘कुणाकडून तरी घ्यावे लागतील’ असं असेल, तर दुसऱ्या बेडरूमने मिळालेली झोप हप्त्याच्या तारखेने जाईल. मी नव्या घरांत पुन्हा जाते तेव्हा ज्यांचे चेहरे उतरलेले असतात, त्यांची घरं वाईट नसतात; बहुतेकांची घरं छान असतात आणि महिन्याची वीस तारीख उलटलेली असते.

आता एवढं सगळं तुमच्यावर लावते. तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टींवर उत्तर फिरू शकतं. मुलं वयात आलेली किंवा येत असतील, भाऊ-बहीण असतील, तर एक खोली फार काळ चालणार नाही आणि मी हलण्याच्या बाजूने झुकेन. आईंना जिने चढवत नसतील आणि नवं घर लिफ्टचं असेल, तर तेही. आताच्या घरात ओल असेल किंवा घर जाण्याची खरी भीती असेल, तर बाकी वाद बाजूला ठेवून निघा. पत्नी बाहेर काम करत असतील तर त्यांचा प्रवास किती वाढतो ते आधी बघा. दोघांचे तीन-तीन तास गेले तर मुलं आणि आई एका रिकाम्या दोन बेडरूमच्या घरात राहतील. यातलं काहीच नसेल, मुलं लहान असतील आणि घर कोरडं असेल, तर निम्मा पगार हप्त्यात घालून शहराच्या टोकाला जा असं मी सांगणार नाही. पगारवाढीचा काही भाग आहे त्याच वस्तीत एक खोली वाढवण्यावर घालवा असं सांगेन. भाड्याची दीड-दोन खोल्यांची जागा, क्षेत्रफळाने त्या नव्या घराच्या जेमतेम अर्धी, पण मध्ये भिंत आणि दार असलेली. हौसेचं नाही, मिरवण्यासारखं तर नाहीच. पण तुमचे तीन तास वाचतात, आईंचा शेजार सुटत नाही, आणि पत्नीला कडी मिळते.

तेही जमत नसेल तोवर आहे त्या खोलीत करण्यासारखं बरंच असतं. अभ्यासाला छोटा, खाली झुकणारा दिवा. त्याने मोठा दिवा बंद करायच्या वेळेचं भांडण जवळपास संपतं. उंची असेल तर पोटमाळा, आणि त्यावर मुलांना नाही तर ज्याला सगळ्यात कमी एकांत मिळतो त्याला आधी जागा. जाड पडदा, पण छतापर्यंत. अर्ध्या पडद्याने नुसती अडगळ होते. आणि रोजचा एक ठरलेला तास, ज्यात बाकीचे बाहेर जातील आणि घर एकाच माणसाचं असेल. पाळीपाळीने. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे आणि लोक तीच सगळ्यात शेवटी करतात, कारण ती मागायला लाज वाटते. कागदावर वार लिहून भिंतीला लावलं की मागावी लागत नाही.

इतकं करून नवं घर घ्यायचंच ठरलं, तर सही करण्याआधी शक्य असेल तर त्याच भागात काही महिने भाड्याने राहून बघा. हप्त्याएवढी रक्कम आजपासूनच दरमहा वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने ओढाताण न होता टाकता आली तर हप्ता झेपेल, आणि नाही तर तुम्हाला उत्तर स्वस्तात मिळालं. ऐन कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळेला तिथून कामावर जाऊन परत या. दलाल रविवारी सकाळी घर दाखवतो. तुम्ही एका कामाच्या दिवशी दुपारी आईंना घेऊन जा आणि दोन-तीन तास तिथे बसू द्या. बोलायला कोण आहे, मंडई किती लांब आहे, एकट्याने खाली उतरून परत वर येता येतं का, हे त्या स्वतः बघतील. त्या दुपारनंतरही त्या नको म्हणाल्या, तर कारण नेमकं सांगतील, आणि त्या कारणावर तोडगा आहे का ते बघता येईल.